टँकमध्ये मासे आधीच सोडलेत? इंदूरच्या पाण्यात सायकल अशी पूर्ण करा

टँक, फिल्टर, रंगीत खडी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. त्याच संध्याकाळी पाणी भरून मासे सोडले जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. इंदुरात नव्या टँकची सुरुवात बहुधा अशीच होते. मग दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो आणि घरातलं कोणीतरी वडीलधारं सांगतं, "सगळं पाणी फेका, खडी घासून धुवा." दोन्हींमुळे प्रकरण आणखी बिघडतं. मासे आजारी नसतात, ते स्वतःच सोडलेल्या अमोनियात अडकलेले असतात.

खरं तर मासे आणण्याआधीच टँक सायकल करून घेणं, म्हणजे हा अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये वाढू देणं, केव्हाही बरं. पण मासे आलेच असतील तर सहा आठवडे थोडी शिस्त पाळून ते वाचवता येतात. पहिलं काम म्हणजे गर्दी कमी करणं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. खडी, फिल्टर आणि वरची मोकळी जागा वजा जाता हातात साधारण 45 लिटर उरतं. सायकल पुरी होईपर्यंत एवढ्या पाण्यात चार गप्पी किंवा तीन मॉली, बस्स. गोल्डफिश असतील तर ते परत द्यावेत हेच उत्तम. ते खातात खूप, घाण करतात त्याहून जास्त, आणि दोन फुटी टँक त्यांना पुढेही पुरणार नाही. ओळखीचा दुकानदार पैसे परत देईलच असं नाही, पण मासे ठेवून घेतो. तेवढ्यानेही निम्मी लढाई संपते.

पुढची सगळी मापं 45 लिटरची आहेत. तुमच्या टँकचं माप काढायचं तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचात घेऊन गुणाकार करा आणि 61 ने भागा, लिटर मिळतील.

आत काय चाललेलं असतं

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया तो खाऊन नायट्राइट बनवतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे दोन्ही बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. आणि वाढतात अगदी सावकाश: कुजवणारे साधे बॅक्टेरिया तासाभरात दुप्पट होत असतील तर यांना बहुधा दिवसभर लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे.

किती अमोनिया तयार होतो हे खाद्यावरून मोजता येतं. 40 टक्के प्रथिनं असलेलं 1 ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून गेलं की सुमारे 37 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. 45 लिटरमध्ये ते 0.8 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) झालं. नव्या टँकमध्ये ते खायला कोणी नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी भर पडते. पहिल्या आठवड्यात मासे दगावतात ते बहुतेक या हिशेबाने, आणि हा हिशेब खाद्याच्या डब्यापासून सुरू होतो.

नर्मदा, बोरिंग की आरओ?

इथे इंदूरकरांनी जरा थांबून वाचावं, कारण बाहेरच्या मार्गदर्शनातले आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक जवळपास निरुपद्रवी अमोनियम, दुसरा मोकळा अमोनिया, आणि कल्ले जाळतो तो हा मोकळाच. कुठलं रूप किती, ते पीएच (पाणी किती आम्लीय किंवा क्षारीय, याचा आकडा) आणि तापमान ठरवतं. 28 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम 0.7 टक्के मोकळा असतो. पीएच 8 झाला की 6.5 टक्के. 8.4 ला 15 टक्के. म्हणजे अमोनियाच्या टेस्ट किटवर तोच रंग दिसला तरी पीएच 8 च्या पाण्यात मासा नऊपट जास्त विषात असतो.

नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर वर चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी क्षारीय आहे; नळाला पीएच 8 च्या आसपास मिळणं नेहमीचं. माळव्याच्या काळ्या बेसाल्टमधून उपसलेलं बोरिंगचं पाणी बहुधा त्याहून जड. त्यामुळे "अमोनिया 1 पीपीएमपर्यंत चालतो" हा सल्ला इथे बाजूला ठेवा. मोकळा अमोनिया 0.02 पीपीएमच्या आत राहिला पाहिजे, आणि पीएच 8 ला ती मर्यादा एकूण 0.25 वरच येते. किटवरचा पहिला हिरवट रंग ही आपली लक्ष्मणरेषा.

या क्षारीयपणाचा फायदाही आहे. अमोनिया पचवताना बॅक्टेरिया पाण्यातला क्षार वापरतात: दर 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. इथल्या पाण्यात तो मुबलक असतो, म्हणून पीएच कोसळून सायकल मध्येच अडत नाही. आरओच्या पाण्याने मात्र हाच घोटाळा होतो. "प्यायचं शुद्ध पाणी घातलं, तरी मासे मेले" ही तक्रार दर वस्तीत ऐकू येते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो, थोड्याच दिवसांत पीएच 6.5 च्या खाली उतरतो आणि बॅक्टेरियांचं काम मंदावत जातं. आरओ मशीनचं फेकायचं पाणीही नको, ते मूळ पाण्यापेक्षा जड असतं.

मोठी अडचण वेगळीच आहे. सुदामा नगर असो की तिलक नगर, कित्येक घरांत नर्मदेचं आणि बोरिंगचं पाणी एकाच हौदात पडतं. नर्मदा एक दिवसाआड येते, मधल्या दिवशी मोटर लावून बोरिंग भरली जाते. म्हणजे सोमवारी टँकमध्ये घातलेलं पाणी आणि बुधवारचं पाणी एक नसतं. माशांना जड पाणी सोसतं, रोज बदलणारं सोसत नाही. म्हणून एक स्रोत ठरवा आणि सहा आठवडे तोच ठेवा. नर्मदा ठरली तर नळ आल्यावर थेट नळाखालून 50 लिटरचा झाकणाचा ड्रम भरून घ्या, हौदातून नको. हा ड्रम कायम भरलेला असावा. अमोनिया रात्री साडेदहाला वाढलेला दिसतो तेव्हा नळाला पाणी नसतं.

बोरिंग ठरलं तर पाणी उपसल्याबरोबर पीएच मोजून उपयोग नाही. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे आकडा कमी दिसतो. बादलीत रात्रभर एअर पंप चालवून सकाळी मोजा, टँकमध्ये जो पीएच राहणार आहे तो हा. बोरिंगच्या पाण्याची नायट्रेट चाचणीही एकदा कराच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे आणि दाट वस्तीतल्या बोरिंगमध्ये मुळातच 20-40 निघू शकतं. तसं असेल तर पुढे "नायट्रेट वाढतंय" या खुणेवर विसंबता येणार नाही.

आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) घेऊन बसू नका. तो अमोनियाही दाखवत नाही आणि नायट्राइटही.

काय काय लागेल

थेंबांची टेस्ट किट लागेलच, तिथे काटकसर नको. पाण्यात बुडवायच्या बऱ्याचशा चाचणी-पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो. किट टँकपेक्षा महाग वाटते हे खरं, पण दोन-तीन घरांनी मिळून घेतली तर परवडते. बाटल्यांवरची मुदत तेवढी बघा. एपीआय कंपनीची गोड्या पाण्याची किट असेल तर तिच्यात पीएचच्या दोन चाचण्या असतात. साधी चाचणी 7.6 च्या वर जातच नाही, म्हणून इथे 7.4 ते 8.8 ची वरची चाचणी वापरायची. साधीवर 7.6 दिसलं म्हणून निश्चिंत झालेले लोक पुष्कळ आहेत.

अमोनियाची चाचणी अशी: नळीत 5 मिली पाणी, पहिल्या बाटलीचे 8 थेंब, दुसरीचे 8, झाकण लावून हलवा, 5 मिनिटं थांबा. बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंब लहानमोठे पडतात. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि हिरवट यांतला फरक कळत नाही आणि आपला सगळा खेळ त्याच फरकावर आहे. शंका असेल तर शेजारच्या नळीत आरओच्या पाण्याची चाचणी करा. तो तुमचा शून्याचा रंग. आरओचा टँकसाठी एवढाच उपयोग. नायट्राइटला 5 थेंब आणि 5 मिनिटं. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र अर्धा मिनिट जोरात आपटून हलवावी लागते, आणि थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर. तळाला बसलेला साका मिसळला नाही तर आकडा खोटा कमी येतो.

क्लोरीन काढायला दुकानात मिळणारे अँटीक्लोरचे खडे म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोच्या धंद्यातला हायपो. 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवून गडद बाटलीत ठेवा. दर 10 लिटर पाण्याला या द्रावणाचं 1 मिली पुरतं. नळाच्या पाण्यात नेहमी जेवढं क्लोरीन असतं त्याहून थोडं जास्तच ते काढतं. 15 लिटरची बादली असेल तर दीड मिली, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजून. पावसाळ्यात नदी गढूळ होते आणि क्लोरीनचा वास नळालाच येतो, तेव्हा मात्रा दुप्पट करा. खड्यांऐवजी क्लोरीन काढणारा बाटलीतला कंडिशनर असेल तर त्यावरच्या मापाने घाला. काही कंडिशनर अमोनियाही "बांधतात" असं सांगतात. क्लोरीनसाठी ते खुशाल वापरा, पण त्यांच्या भरवशावर पाणी बदलणं टाळू नका.

बाकी सामान किरकोळ. साबण कधीही न लागलेली एक बादली आणि मग, सायफनची नळी, थर्मामीटर, आणि फिल्टर कुठलाही असला तरी सोबत एअर पंप.

रोजचं काम

पहिले पंधरा दिवस रोज एकाच वेळी, खाद्य घालण्याआधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहा. कालनिर्णयाचा मागचा कोरा भाग यासाठी झकास. पाणी बदलायचं ते वारावर नाही, आकड्यावर:

- अमोनिया 0 किंवा 0.25, नायट्राइट 0: काही करू नका.
- अमोनिया 0.5: निम्मं पाणी बदला, आकडा 0.25 वर येईल.
- अमोनिया 1: आज निम्मं, चार-पाच तासांनी पुन्हा निम्मं. 1 चा 0.5, 0.5 चा 0.25. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खाद्य बंद.
- अमोनिया 2 किंवा वर: तसंच, पण तीन वेळा. आणि मासे जास्त आहेत हे मान्य करा.
- नायट्राइट 0.5 च्या वर: मीठ आणि निम्मं पाणी, त्याबद्दल पुढे.

"इतकं पाणी बदललं तर सायकल होणारच नाही" ही भीती निराधार आहे. बॅक्टेरिया पाण्यात नसतातच, त्यामुळे पाण्याबरोबर ते जात नाहीत, आणि 0.25 पीपीएमवरही त्यांचं पोट भरतं. मासे अमोनिया सोडायचे थांबत नाहीत ना! उलट अमोनिया 4-5 पीपीएमच्या वर गेला की नायट्राइट खाणारे बॅक्टेरियाच मंदावतात.

पाणी बदलताना नवीन पाणी आधी बादलीत अँटीक्लोर घालून ढवळा. तापमानात दोन अंशांहून जास्त फरक नको. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चाळिशीला टेकलेलं असतं, जानेवारीत पहाटे हात घालवत नाही. म्हणून ड्रम घरात ठेवायचा. सायफनने जुनं पाणी काढताना खडीवरचं दिसणारं खाद्य आणि विष्ठा ओढून घ्या, पण खडी खोल उपसू नका. नवीन पाणी मगाने, ताटलीवर हळू ओता. खडी उधळली, वर फेस आला, असा उत्सव नको.

आता खाद्य. एक दिवसाआड, दिवसातून एकदा, अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. गप्पी-मॉली तीन-चार दिवस उपाशी राहिल्या तरी काही होत नाही. तळाशी गेलेला दाणा दहा मिनिटांत काढून टाका. इथे अडचण माशांची कमी आणि घरच्यांची जास्त असते: सकाळी आजोबा घालतात, शाळेतून आलेली मुलं घालतात, पाहुण्यांनाही घालायचं असतं. यावर एक रामबाण उपाय आहे. सोमवार ते रविवार कप्पे असलेली औषधाच्या गोळ्यांची डबी घ्या, ज्या दिवशी खाद्य घालायचं त्याच कप्प्यात चिमूट भरा, आणि मोठा डबा कपाटात कुलूपबंद. कप्पा रिकामा म्हणजे आज जेवण झालंय, कोणी कितीही लाडाने विचारलं तरी.

फिल्टरला हात लावण्याआधी

बॅक्टेरियांचं घर फिल्टर आहे, आणि नव्या टँकवाले सगळ्यात जास्त अत्याचार त्याच्यावरच करतात. फिल्टर चोवीस तास चालू ठेवायचा. रात्री आवाज येतो, मोटर तापते, बिल येतं, अशी कारणं ऐकू येतात. 5 वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तर साडेतीन-पावणेचार युनिट होतात. रात्रभर बंद राहिलेल्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपतो आणि बॅक्टेरिया मरू लागतात.

स्पंज नळाखाली धुऊ नका, नळातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारण्यासाठीच असतं. सहा आठवड्यांत धुवायची गरजच पडू नये. पाण्याची धार अगदी बारीक झाली तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा हलकेच पिळा आणि परत लावा. दर महिन्याला कार्ट्रिज बदला असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ते कार्ट्रिज विकण्यासाठी आहे, टँकसाठी नाही. फिल्टरमध्ये जागा असेल तर जाड स्पंजचा तुकडा किंवा सिरॅमिकच्या कड्या भरा. साधा, हवेवर चालणारा स्पंज फिल्टरही या कामात कुठे कमी पडत नाही, आणि तो स्वस्त आहे.

सायकल लवकर उरकायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला मळका स्पंज. त्यातला हातभर लांब तुकडा नको, मूठभर पुरे. त्यांच्याच टँकच्या पाण्यात भिजवून पिशवीत आणा, तासा-दोन तासांत तुमच्या फिल्टरमध्ये खोचा. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं. एवढंच विचारून घ्या की महिन्याभरात त्यांच्याकडे नवा मासा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा आजार आला होता का. स्पंजबरोबर तोही येतो.

बाटलीतले बॅक्टेरिया चालतात का? चांगले असतील तर चालतात. पण काही बाटल्यांत फक्त गाळ खाणारे बॅक्टेरिया असतात, अमोनियाशी त्यांचा संबंध नाही. ज्यांत हवे ते असतात, ती बाटली मे महिन्यात ट्रकमधून येऊन दुकानाच्या उन्हातल्या कपाटात महिनाभर उभी असेल तर आत काय जिवंत असेल, हा प्रश्नच आहे. बाटली ओतली तरी रोजची चाचणी चुकवू नका.

घरात मनी प्लांट असेल तर त्याच्या दोन-तीन वेली कापून, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा टँकच्या काठाला अडकवा. मुळं अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही ओढतात. हायड्रिला, हॉर्नवर्ट यांसारख्या भराभर वाढणाऱ्या पाणवनस्पतीही तेच करतात, पण त्या दुकानातून घ्या, सिरपूरच्या किंवा बिलावलीच्या तलावातून उपटून आणू नका. गोगलगायी आणि परजीवी फुकट येतात, आणि सिरपूर तर 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

दुसरा-तिसरा आठवडा: नायट्राइट

साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवशी अमोनिया उतरायला लागतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तेव्हाच नायट्राइट चढतं. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद काढून घेतं. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा गुदमरतो, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात, मासा फिल्टरच्या धारेशी जाऊन धापा टाकतो.

यावर साधं मीठ काम करतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच दारातून आत जातं, त्यामुळे नायट्राइटला वाट मिळत नाही. दर 10 लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 45 लिटरला 13-14 ग्रॅम: सपाट भरलेले अडीच छोटे चमचे. खडेमीठ असेल तर वजन करूनच घ्या. मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून दोन हप्त्यांत घाला. एवढ्या प्रमाणात घरातलं आयोडीनचं मीठही चालतं. सैंधव किंवा काळं मीठ नको. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर फक्त बदललेल्या पाण्यापुरतंच घालायचं: 15 लिटर बदललं तर साडेचार ग्रॅम. आटलेल्या पाण्याची भर घालताना मीठ घालायचं नाही. आणि मीठ घातलेलं पाणी कुंड्यांना देऊ नका. एरवी टँकचं पाणी तुळशीला आणि मोगऱ्याला उत्तम.

हा टप्पा अमोनियापेक्षा लांबतो, दोन ते तीन आठवडे सहज. रोज आकडा 1-2 दिसतो, रोज पाणी बदलावं लागतं, आणि माणूस कंटाळतो. सोडून देणारे बहुतेक इथेच सोडतात.

याच काळात काचेवर तपकिरी पूड बसते, ती निरुपद्रवी आहे, बोटाने पुसली तरी जाते. पहिल्या आठवड्यातलं दुधाळ पाणीही तसंच. ते कुजवणाऱ्या बॅक्टेरियांचं पीक आहे, खाद्य कमी केलं की चार-सहा दिवसांत आपोआप निवळतं. त्यासाठी टँक रिकामा करून धुतला तर सायकल पहिल्या दिवसावर.

ऊन, थंडी आणि लाइट

मे महिन्यात टँकचं पाणी 34 अंशांवर गेलं तर पीएच 8 ला मोकळ्या अमोनियाचं प्रमाण साडेनऊ टक्क्यांवर जातं, आणि गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. दोन्ही बाजूंनी कोंडी. झाकण काढून पाण्यावर तिरका पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी आटेल, तेवढी भर क्लोरीन काढलेल्या पाण्याने घाला. डिसेंबर-जानेवारीत उलटं. इंदूरची रात्र दहाच्या खाली उतरते, घरातलं पाणी 17-18 वर येतं आणि बॅक्टेरियांची वाढ रेंगाळते. 50 वॅटचा हीटर 26 अंशांवर लावा. नाहीतर सहाचे नऊ आठवडे धरून चाला.

पावसाळ्याआधीच्या वादळात लाइट जाते तेव्हा फिल्टर आणि हवा दोन्ही बंद पडतात. एअर पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, किंवा बॅटरीचा पंप ठेवा. काहीच नसेल तर दर पंधरा मिनिटांनी मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून ओता. बंद डब्याचा बाहेरचा फिल्टर चार-पाच तास बंद राहिला तर त्यातलं सडकं पाणी फेकून मगच चालू करा, ते थेट टँकमध्ये येऊ देऊ नका.

या सहा आठवड्यांत पुण्या-नाशकाला लग्न निघालं आणि तीन दिवस जाणं भाग असेल, तर निघायच्या दिवशी निम्मं पाणी बदला आणि खाद्य घालू नका. शेजाऱ्यांना किल्ली द्या, खाद्याचा डबा देऊ नका. पाण्यात विरघळणारी "सुट्टीची" वडी तर नकोच. ती कोणी खाल्ली नाही तरी अमोनिया होतोच.

निळं औषध

मेथिलीन ब्लू बॅक्टेरियांनाही मारतं, अँटिबायोटिकचंही तसंच. मासा वर येऊन धापा टाकतोय, पंख मिटून कोपऱ्यात बसलाय, कल्ले लालभडक झालेत, तर आधी चाचणी आणि निम्मं पाणी. बहुतेक वेळा तासाभरात फरक दिसतो. पाण्याचे आकडे शून्य असूनही अंगावर ठिपके किंवा कापूस दिसला, तर तो आजार. त्या माशाला वेगळ्या बादलीत, एअर पंप लावून औषध द्या. मुख्य टँकमध्ये नाही.

सायकल पूर्ण झाली केव्हा म्हणायचं

नायट्राइट एक दिवस शून्य आलं म्हणून नाही. रोजचं नेहमीचं खाद्य सुरू करा, पाणी न बदलता ओळीने सात दिवस अमोनिया 0 आणि नायट्राइट 0 राहू द्या, आणि नायट्रेट तुमच्या नळाच्या आकड्यापेक्षा वर गेलेलं असू द्या. झाडं भरपूर असतील तर नायट्रेट फारसं चढत नाही, तेव्हा पहिल्या दोन आकड्यांवर निर्णय घ्या. यानंतर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी, नायट्रेट 40 च्या आत. मीठ त्या पाण्याबरोबर हळूहळू निघून जाईल.

नवे मासे एकदम आणायचे नाहीत. बॅक्टेरियांची संख्या आहे त्या माशांपुरतीच असते. एका वेळी दोन किंवा तीन, मग दोन आठवडे थांबायचं, आणि पहिले चार-पाच दिवस पुन्हा अमोनिया-नायट्राइट मोजायचं. 0.25 दिसलं तर एक दिवस खाद्य बंद, 0.5 दिसलं तर निम्मं पाणी. दुकानातून आलेलं पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, टँकचं थोडं पाणी दोन-तीनदा आत घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा.